वणवा विझल्यावर

वणव्याची बातमी आग चालू असेपर्यंतच चालते. कुठल्या डोंगराला आग लागली, किती हेक्टर खाक झालं, किती जण विझवायला धावले, एवढं छापून आलं की विषय मिटतो. पाऊस पडतो, डोंगर पुन्हा हिरवा दिसू लागतो आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. जळलं ते नेमकं काय होतं, नुसता पालापाचोळा की शेंड्यापर्यंतची झाडं, याची चौकशी फारसं कुणी करत नाही. पुढच्या पाच, दहा, तीस वर्षांत त्या जागी काय उगवलं, पूर्वीचंच रान परत आलं की तिथे भलतंच काही येऊन बसलं, याची तर त्याहून कमी. हे पुस्तक या चौकशीबद्दल आहे, आणि ती सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून कशी करतात याबद्दल.

पूर्वी ही चौकशी करायची कोणी? वनरक्षकानं. आग विझली की तो जळीत जागेच्या कडेनं चालायचा, पंचनामा व्हायचा, आणि कक्ष क्रमांक, तारीख, अंदाजे क्षेत्र असं काहीतरी रजिस्टरात चढायचं. या नोंदींना हिणवण्याचं कारण नाही. ज्याच्या पायाखालून रोज बीट, म्हणजे त्याला नेमून दिलेलं जंगल, जातं त्याला रान जेवढं कळतं तेवढं संगणकापुढे बसणाऱ्याला कधीच कळणार नाही. पण डोंगरउतारावर पसरलेली, मध्ये मध्ये न जळलेली बेटं सोडून गेलेली जागा चालून मोजणं जिकिरीचं असतं. शिवाय आकडा लहान राहण्यात सगळ्यांचीच सोय असते. मोठा आकडा म्हणजे खुलासे, चौकशा आणि वरून आलेली पत्रं. आणि दहा वर्षांनी त्याच उतारावर परत जाऊन काय उगवलं ते लिहिणं हे तर कुणाचंच काम नव्हतं.

उपग्रह वणव्याकडे दोन तऱ्हांनी बघतात. या दोन तऱ्हांची गल्लत हा या विषयातला सगळ्यात नेहमीचा घोळ आहे, म्हणून तो इथेच निस्तरलेला बरा.

पहिली तऱ्हा धगधगती आग पकडण्याची. जळत्या लाकडापाल्याची आच तीन-चार मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सगळ्यात जोरात बाहेर पडते. भोवतालची न पेटलेली जमीन त्या पट्ट्यात अगदीच मंद असते, त्यामुळे पिक्सेलचा छोटासा कोपरा पेटलेला असला तरी उपग्रहाला तो उठून दिसतो. नासाच्या टेरा आणि अ‍ॅक्वा या उपग्रहांवरचं मोडिस हे उपकरण आणि २०११ साली सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावरचं व्हिअर्स हे उपकरण याच तत्त्वावर आग हेरतात. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून मोडिसच्या आणि २०१७ पासून व्हिअर्सच्याही आधारे राज्यांच्या वनखात्यांना आगीच्या सूचना पाठवते. आज गडचिरोलीतल्या एखाद्या बीटावर नकाशात आगीचा ठिपका उमटला की वनरक्षकाच्या मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह संदेश येतो. ही व्यवस्था मोलाची आहे यात शंका नाही.

पण त्या ठिपक्याचा अर्थ काय? व्हिअर्सचा पिक्सेल ३७५ मीटर बाजूचा, म्हणजे जवळपास ३५ एकरांचा. ठिपका ३५ एकरांचा म्हणजे आग ३५ एकरांची नव्हे. त्यात एखादा पेटलेला बांध असेल किंवा अख्खा उतार. व्हिअर्सचा उपग्रह आपल्यावरून जातो दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास. दुपारी चारला पेटून रात्री दहाला विझलेली, पाल्यातून सरपटत गेलेली आग त्याच्या हिशेबात येतच नाही. उलट उसाचं पाचट पेटवलेलं शेत आणि वीटभट्टी हमखास येते. वनहद्दीचा नकाशा लावून ती वगळावी लागते. तेव्हा यंदा ठिपके वाढले म्हणजे जंगलाचं नुकसान तेवढ्या पटीनं वाढलं, असं म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. दरवर्षी उन्हाळ्यात असे मथळे येतात, आणि दरवर्षी ते तितकेच पोकळ असतात.

दुसरी तऱ्हा आग विझल्यानंतरची. ती या पुस्तकाचा खरा विषय.

भारतात या कलेची सुरुवात एका आजारी झाडापासून झाली, हे मला नेहमी सूचक वाटतं. १९७० च्या सुमारास केरळात नारळाची झाडं रूट विल्ट या रोगानं खंगत होती. पी. आर. पिशरोटी यांच्या चमूनं हेलिकॉप्टरमधून, अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर त्या बागांचे फोटो काढले, आणि साध्या डोळ्यांना हिरवीच दिसणारी रोगट झाडं त्या फोटोंत वेगळी पडली. पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. पण निकट अवरक्त प्रकाश पानाच्या आतल्या पोकळ, ओलसर पेशींवर आपटून मोठ्या प्रमाणात परत फिरतो. पानाची आतली रचना मोडली की हे परत फिरणं कमी होतं. त्याच्या पुढचा, सुमारे दोन मायक्रॉनच्या आसपासचा लघुतरंग अवरक्त प्रकाश पानातलं पाणी शोषून घेतं. पान वाळलं, जळलं आणि खालची माती उघडी पडली की तो पट्टा उजळतो. म्हणजे सतेज जंगलात पहिला पट्टा वर आणि दुसरा खाली, जळलेल्या जंगलात नेमकं उलटं.

या उलटापालटीवर जळिताचं सगळ्यात वापरलं जाणारं सूत्र उभं आहे. दोन पट्ट्यांची वजाबाकी भागिले त्यांचीच बेरीज. त्याला एनबीआर म्हणतात. एका पिक्सेलपुरतं उदाहरण घेऊ. आगीआधी निकट अवरक्त परावर्तन ०.४० आणि लघुतरंग ०.१२ असेल तर एनबीआर येतो ०.५४. आगीनंतर पहिला ०.१८ वर घसरला आणि दुसरा ०.२६ वर चढला, तर एनबीआर उणे ०.१८. दोन्हींतला फरक ०.७२. अमेरिकेतल्या कार्ल की आणि नेट बेन्सन यांनी मोंटानातल्या जळलेल्या जंगलांत फिरून जे टप्पे बसवले, त्यांत ०.६६ च्या वरचा फरक म्हणजे तीव्र जळीत. वजाबाकी, भागाकार आणि एक तक्ता, बस्स. इतक्या सोप्या गोष्टीवर इतका मोठा डोलारा उभा राहिला याचं कारण, मोंटाना आणि आसपासच्या सूचिपर्णी जंगलांत ती खरोखर चालते.

आता हा पिक्सेल म्हणजे जमिनीवर केवढी जागा? अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा ३० मीटर बाजूचा पिक्सेल भरतो जेमतेम नऊ गुंठे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा १० मीटरचा पिक्सेल जवळपास नेमका एक गुंठा. पण जळितासाठी लागणारा लघुतरंग पट्टा ते २० मीटरवर टिपतात, म्हणजे चार गुंठे. ज्यानं सातबारा वाचलाय त्याला ही मापं वेगळी समजावून सांगायला नकोत. नऊ गुंठ्यांत सागाची पंचवीस-तीस मोठी झाडं, खाली बांबूची दोन-चार बेटं, एखादी वाट आणि खडक एवढं सहज मावतं. उपग्रह त्या सगळ्याचा मिळून एकच आकडा देतो.

या शास्त्राला वय आणि व्यक्तिमत्त्व मिळालं ते यलोस्टोनमध्ये, म्हणून त्या कहाणीवर थोडं थांबायला हवं.

१९८८ चा उन्हाळा अमेरिकेतल्या या सगळ्यात जुन्या राष्ट्रीय उद्यानासाठी तोवरच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा होता. विजेमुळे लागलेल्या आगी जोवर माणसांना धोका नाही तोवर जळू द्यायच्या, हे उद्यानाचं १९७२ पासूनचं धोरण. जुलैच्या उत्तरार्धात ते गुंडाळून सगळ्याच आगींशी लढायला सुरुवात झाली, तोवर उशीर झाला होता. लाकूडतोड्यानं टाकलेल्या एका सिगारेटनं उद्यानाच्या सीमेबाहेर आणखी एक मोठी आग लावली. २० ऑगस्टला वाऱ्यानं एका दिवसात दीड लाख एकरांहून अधिक रान पेटवलं. तो दिवस ‘काळा शनिवार’ म्हणून ओळखला जातो. हजारो माणसं, विमानं, हेलिकॉप्टरं, कोट्यवधी डॉलर, आणि शेवटी आग आटोक्यात आणली ती ११ सप्टेंबरला पडलेल्या बर्फानं. उद्यानाच्या हद्दीतलं ७,९३,८८० एकर क्षेत्र आगीच्या तडाख्यात सापडलं, म्हणजे एकूण उद्यानाच्या ३६ टक्के. यलोस्टोन संपलं, अशी हाकाटी वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीनं केली.

लँडसॅट-५ तेव्हा चार वर्षांचा होता आणि दर सोळा दिवसांनी त्या डोंगरांवरून जात होता. (आपला नियमित कामाचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए त्याच वर्षी मार्चमध्ये बैकानूरहून वर गेला. त्याच्यावर लघुतरंग अवरक्त पट्टाच नव्हता, त्यामुळे एनबीआरसारखा हिशेब त्याच्याकडून होणं शक्य नव्हतं.) लँडसॅटच्या चित्रांनी पहिली गोष्ट दाखवली ती ही, की सीमारेषेच्या आतलं सगळं जळलेलं नव्हतं. तीव्र जळलेले, अर्धवट होरपळलेले आणि साफ वाचलेले असे तुकडे एकमेकांत मिसळलेले होते, आणि तीव्र जळलेल्या भागाचा बराच मोठा हिस्सा कमी जळलेल्या झाडांच्या कडेपासून दोनेकशे मीटरच्या आतच होता. बी वाऱ्यानं किती दूर जातं यावर जंगलाचं परतणं अवलंबून असेल, तर हे दोनशे मीटर एकूण जळीत क्षेत्राच्या आकड्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे.

तिथलं मुख्य झाड लॉजपोल पाइन. त्याच्या बऱ्याच झाडांवरची फळं राळेनं चिकटून बंद असतात. वर्षानुवर्षं फांदीवर तशीच राहतात. आग आली की राळ वितळते, खवले उघडतात, आणि आई-झाड मेलेलं असताना खालच्या राखेत बी पडतं. त्यामुळे पुढच्याच वर्षी कोळशासारख्या काळ्या खोडांमध्ये रोपं दिसू लागली. मोनिका टर्नर, विल्यम रोम आणि त्यांचे सहकारी तिथे जाऊन ती मोजत राहिले. दहाएक वर्षांनी त्यांना आढळलं की रोपांची दाटी हेक्टरी शून्यापासून पाच लाखांहूनही जास्त अशी कुठेही असू शकते. एकाच वर्षी, एकाच तीव्रतेनं जळलेल्या दोन जागा. एकीवर मुंगी शिरायला जागा नाही आणि दुसरीवर मोकळं गवत. अ‍ॅस्पेनची रोपं तर बियांपासून उगवली, तीही पूर्वी अ‍ॅस्पेन नव्हता अशा ठिकाणी. हे कुणाच्या अंदाजात नव्हतं.

आता हेच उपग्रहाच्या बाजूनं पाहा. पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत गवत आणि फायरवीडसारख्या फुलझाडांनी जमीन झाकली आणि हिरवाईचा निर्देशांक झरझर वर चढला. तेव्हा पाइनची रोपं घोट्याएवढीही नव्हती. नुसत्या हिरवाईवर विश्वास ठेवणारा म्हणाला असता, जंगल परतलं. लघुतरंग पट्टा वापरणारं सूत्र जरा सावध असतं. ते हळू चढतं, कारण खोडांची सावली आणि पानांचा दाट थर परत आल्याशिवाय तो पट्टा पूर्वीसारखा अंधारत नाही. वीस वर्षांनंतरच्या लँडसॅट चित्रांतही १९८८ चे व्रण डोळ्यांनी ओळखू येत होते. पण या सावध सूत्रालाही हेक्टरी हजार झाडं आणि हेक्टरी पन्नास हजार झाडं यांतला फरक काही वर्षांनी सांगता येईनासा होतो. वरून सगळं एकसारखं दाट दिसतं.

आणि मग २०१६ साल आलं. मेपल आणि बेरी नावाच्या आगींनी १९८८ नंतर उगवलेलं अठ्ठावीस वर्षांचं तरुण रान पुन्हा जाळलं. लॉजपोलच्या जंगलात अशा मोठ्या आगी पूर्वी शंभर ते तीनशे वर्षांच्या अंतरानं यायच्या. तरुण झाडांवर फळांचा साठा कमी, पडलेली खोडं जळून राख, आणि दुसऱ्या आगीनंतर उगवलेल्या रोपांची दाटी पहिल्या खेपेच्या मानानं सहा पटींनी घटलेली, असं टर्नर यांच्या गटानं २०१९ साली मांडलं. १९८८ नंतरची तीस वर्षं ‘निसर्ग आपलं आपण सावरतो’ याचं उदाहरण म्हणून यलोस्टोन सांगितलं जात होतं. ते खोटं नव्हतं. पण दोन आगींमध्ये पुरेसं अंतर असेल तर, ही अट त्यात गाळलेली होती.

अशी अट उघड व्हायची तर एकाच जागेची दशकांची सलग नोंद लागते, आणि ती सामान्य अभ्यासकाला परवडावी लागते. एके काळी लँडसॅटच्या एका दृश्यासाठी हजारो डॉलर मोजावे लागत. आगीआधीचं एक आणि नंतरचं एक घेतलं की प्रकल्पाचा पैसा संपला. २००८ साली अमेरिकेनं सगळा संग्रह फुकट खुला केला, आणि मग दोन चित्रांची तुलना मागे पडून त्या नऊ गुंठ्यांची वर्षानुवर्षांची रोजनिशी वाचण्याची पद्धत आली. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा शोध कुठल्याही नव्या उपकरणाचा नाही, या एका प्रशासकीय निर्णयाचा आहे.

इथवरची गोष्ट सूचिपर्णी जंगलाची. तिच्या तक्त्यासकट ती उचलून विदर्भावर ठेवली की काय होतं, हे या पुस्तकाच्या मराठी वाचकानं नीट समजून घ्यावं.

आपली पानझडी जंगलं शेंड्यापर्यंत सहसा जळत नाहीत. आग जमिनीवरच्या पाल्यातून, गवतातून गुडघ्याएवढ्या ज्वाळांनी सरकत जाते. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल, सागाचं जाड खोड यांना तिचं फारसं काही वाटत नाही. आता चंद्रपूर-गडचिरोलीकडचे आपले नऊ गुंठे घ्या आणि तारखा लावा. डिसेंबरात वर पान आहे. फेब्रुवारीपर्यंत सागानं बरंच पान टाकलेलं असतं, पळस पेटलेला असतो, आणि उपग्रहाला फांद्यांमधून खालचा वाळका पाला दिसू लागतो. मार्चमध्ये त्या पाल्यातून आग गेली. वाळका पाला लघुतरंग पट्ट्यात उजळ असतो, त्याची काळी राख मात्र दोन्ही पट्ट्यांत काळीच. म्हणजे सूत्रातले दोन्ही आकडे एकत्र खाली येतात आणि त्यांचं गुणोत्तर फारसं हलत नाही. मेच्या सुमारास कुसुमची, मोहाची, तेंदूची कोवळी पालवी आलेली असते आणि राख वाऱ्यानं उडालेली असते.

अशा जागी डिसेंबरचं चित्र ‘आधीचं’ आणि एप्रिलचं ‘नंतरचं’ धरलं तर फरक मोठा येतो. पण तो मुख्यतः पानगळीचा असतो. शेजारचा न जळलेला उतारही तेवढाच ‘जळलेला’ दिसतो. उलट फेब्रुवारीअखेर आणि मार्चअखेर अशी जवळची जोडी घेतली तर खऱ्या जळिताचा फरक इतका लहान की अमेरिकी तक्त्यात तो ‘न जळलेलं’ किंवा ‘सौम्य’ या खणात पडतो. आणि मेचं चित्र घेतलं तर जंगल दोन महिन्यांत ‘भरून आलं’ असा निकाल! तिन्ही नकाशे रंगीत असतात, तिन्हींखाली प्रमाणपट्टी असते. असे नकाशे छापून आलेले मी पाहिलेत, आणि त्यांच्या कर्त्यांपैकी फार थोड्यांनी चित्रांच्या त्याच तारखा का निवडल्या हे सांगितलेलं असतं. हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, फक्त उंट फार उंच आहे.

उपाय अगदीच नाही असं नाही. यंदाच्या मार्चची तुलना गेल्या मार्चशी करायची, डिसेंबरशी नाही. आगीच्या ठिपक्यांचा उपयोग निकालासाठी न करता जागा हेरण्यासाठी करायचा, आणि मग सेंटिनेलच्या पाच-पाच दिवसांच्या चित्रांत राख उडण्याआधी काळा डाग गाठायचा. शेजारचा न जळलेला, त्याच जातीच्या झाडांचा तुकडा तुलनेला घ्यायचा. तिसरं प्रकरण याच कसरतीचं आहे आणि ते घाईनं वाचू नये.

तरीही एक गोष्ट या सगळ्या शहाणपणातून निसटते. आपल्याकडे दरवर्षी किंवा वर्षाआड लागणारी जमिनीवरची आग मोठ्या झाडाला मारत नाही, रोपाला मारते. सागाचं किंवा सालाचं रोप आगीत वरून जळतं, मूळ जिवंत राहतं, पावसाळ्यात पुन्हा कोंब येतो, पुढच्या मार्चमध्ये तो पुन्हा जळतो. अशी कित्येक वर्षं ते गुडघ्याच्या वर जात नाही. वर मोठी झाडं तशीच उभी, छत तसंच दाट, निर्देशांक दर पावसाळ्यानंतर नेमानं जागच्या जागी. उपग्रहाच्या लेखी हे जंगल दरवर्षी पूर्ण बरं होतं. प्रत्यक्षात ते म्हातारं होत चाललेलं असतं. आजची झाडं पडली की त्यांच्या जागी यायला मधल्या उंचीचं कुणी नाही. हिरवाई फसवते त्याचं आणखी एक उदाहरण: फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्नाटकातल्या बंदीपूरला मोठी आग लागली. त्या जंगलात घाणेरीची दाट जाळी माजलेली आहे. घाणेरी आगीनंतर बुडातून पुन्हा फुटते, पावसाळ्यात हिरवीगार होते, आणि हिरवाईचा कुठलाही निर्देशांक तिला नावं ठेवत नाही.

म्हणून ‘जंगल किती वर्षांत भरून आलं’ या प्रश्नाला उपग्रहाकडून उत्तर मागण्याआधी भरून येणं म्हणजे काय ते आपण ठरवायला लागतं. जमीन झाकली जाणं? छत मिटणं? पूर्वीच्या जाती परत येणं? खोडांत पूर्वीइतका कार्बन साठणं? मोहफुलं पूर्वीइतकी पडणं? यांतलं प्रत्येक वेगवेगळ्या वेळी घडतं आणि काही घडतच नाहीत. निवड शास्त्रज्ञानं चोरून करू नये, उघड करावी.

मोहाचं नाव आलं तर आगीमागच्या माणसांबद्दलही बोललं पाहिजे. मोहाखाली पडलेली फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून पहाटेआधी झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूला चांगला फुटवा यावा म्हणून आग लावतात. सह्याद्रीच्या उतारांवर पुढच्या वर्षी गवत जोमानं येईल या समजुतीनं डोंगर पेटवतात. यातली प्रत्येक आग लहान हेतूनं लावलेली असते आणि वाऱ्याच्या हाती गेली की मोठी होते. नकाशावर मात्र हेतू उमटत नाही, ठिपका उमटतो. आणि ठिपक्यावरून गुन्हेगार शोधण्याचा मोह शासनयंत्रणेला होतो. मला वाटतं हीच चित्रं गावाच्या हाती दिली तर त्यांचा जास्त उपयोग होईल. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो गावांना. अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. आपल्या हद्दीतला कुठला भाग गेल्या दहा वर्षांत किती वेळा जळला हे ज्या ग्रामसभेसमोर भिंतीवर टांगलेलं असेल, तिथली चर्चा दंडाच्या नोटिशीनं होते त्यापेक्षा वेगळी होईल. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रासारख्या संस्था आणि फुकट उपलब्ध असलेली चित्रं पाहता हे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते दुसरंच.

नव्या उपकरणांबद्दल थोडक्यात. साधे उपग्रह ढगांपुढे हतबल असतात, आणि आपल्याकडे फुटव्याचा सगळा खेळ जून ते सप्टेंबर या ढगाळ महिन्यांतच होतो. रडार ढगांतून पाहतं. सेंटिनेल-१ चं रडार पानांच्या वरच्या थरापर्यंतच पोचतं. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह, जो ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्याच्या लांब तरंगलांबीचं रडार फांद्या-खोडांपर्यंत शिरतं. अंतराळ स्थानकावर बसवलेलं गेडी हे लेसर उपकरण पंचवीस मीटर व्यासाच्या वर्तुळात छतापासून जमिनीपर्यंतची उंची मोजतं. या तिघांतून मधल्या उंचीच्या झाडांचा प्रश्न सुटेल अशी आशा बरेच जण बाळगून आहेत. मी जरा हात राखून आहे. छताखालच्या कमरेएवढ्या रोपापर्यंत रडार आणि लेसर कितपत पोचतील, हे मोजून सिद्ध व्हायचं आहे, आणि ते मोजायलाही कुणीतरी खाली उभं असायला लागेल.

पुढच्या प्रकरणांतली सूत्रं चालवायला साधा संगणक आणि बरं इंटरनेट पुरतं. विद्यार्थ्यानं ती वाचता वाचता चालवून पाहावीत. शेवटच्या परिशिष्टात जमिनीवर भरायचा तक्ता दिला आहे. सालीवर आग किती उंचीपर्यंत चढली, पाला किती उरला, छताचा किती भाग करपला, हे रकाने जगभरातल्या तक्त्यांसारखेच. त्यांच्यानंतरचे तीन रकाने आपल्याकडच्या रानासाठी मुद्दाम घातले आहेत: गुडघ्याखालची रोपं, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतची, आणि डोक्यावरची पण मनगटाएवढ्याच जाडीची. तक्ता एप्रिलमध्ये एकदा आणि त्याच जागी ऑक्टोबरमध्ये पुन्हा भरावा. बीटावरच्या वनरक्षकाला आणि गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घ्यावं. मागच्या आगी कुठल्या साली लागल्या हे त्यांना विचारून वेगळ्या शाईनं लिहावं, आणि ती सालं उपग्रहाच्या यादीशी जुळली नाहीत तर दोन्ही तशीच ठेवावीत.